इंजिन सुरू का होत नाही? अर्नाळ्याच्या किनाऱ्याचा एक न लिहिलेला इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. उपशीर्षके वाचकांच्या सोयीसाठी दिली आहेत.)



अर्नाळ्याचा इतिहास म्हटलं की आपण किल्ल्यापासून सुरुवात करतो, आणि ते साहजिकच आहे. वैतरणेच्या मुखाशी असलेलं हे बेट १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं, बाजीराव पेशव्यांच्या काळात तिथे नव्याने बांधकाम झालं, आणि पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. दरवाजावरचा शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

मी आज ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, त्याला शिलालेख नाही. तो दप्तरात नाही, बखरीत नाही. तो आहे पहाटेच्या अंधारात, पाणी वळायच्या आत, सुरू न होणाऱ्या इंजिनाचा. विषय ऐकून काहींना हसू येईल. हा तर मेकॅनिकचा विषय, यात इतिहास कसला, असंही कुणी म्हणेल. पण गेल्या सत्तर वर्षांत या किनाऱ्यावर जो सगळ्यात मोठा बदल झाला तो शिडाकडून इंजिनाकडे. आणि यंत्र माणसाच्या आयुष्यात नेमकं काय बदलतं, हे ते चालतं तेव्हा कळत नाही. ते चालत नाही तेव्हा कळतं.

वारा सगळ्यांचा, इंजिन एकट्याचं

आधी शिडाचा काळ डोळ्यांसमोर आणू. शिडाची होडी कधी 'बिघडत' नसे असं नाही. दोर तुटायचा, शीड फाटायचं, डोलकाठी मोडायची. पण होडी न निघण्याचं मुख्य कारण एकच असायचं, ते म्हणजे वारा. आणि वारा पडला की तो सगळ्यांचा पडायचा. एका नाखव्याची होडी थांबली तर शेजाऱ्याचीही थांबलेली असे. नुकसान व्हायचं, उपाशी राहायची वेळ यायची, पण ते गावाचं मिळून असायचं. त्यात कुणाची नाचक्की नव्हती.

इंजिन आल्यावर हे गणित उलटलं. आता वारा नसला तरी शंभर बोटी निघतात, आणि एकच मागे राहते, जिचं इंजिन सुरू झालं नाही ती. समुद्रावर ज्याच्यावर सगळ्यांचं सारखं दैव होतं, तिथे आता प्रत्येकाचं दैव वेगळं झालं. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. इंजिनाने वेग दिला, ताकद दिली, पण त्याबरोबर संकट खाजगी करून टाकलं. आणि या किनाऱ्याने पुढची सत्तर वर्षं जे केलं, म्हणजे सहकारी सोसायट्या, बोट ओढून आणायची रीत, गावातला मेकॅनिक, तांडेलांच्या तोंडचे नियम, ते बऱ्याच अंशी हे खाजगी झालेलं संकट पुन्हा वाटून घेण्यासाठी केलं.

अर्नाळ्यात हे जास्त जाणवतं, कारण इथली मुख्य मासेमारी डोलीची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर लावतात. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि बोंबील, जवळा, मांदेली आत जमा होतात. जाळं ओढायला बोट होत नाही, ते काम पाण्याचा प्रवाहच करतो. मग इंजिन कशाला? वेळेवर पोचायला. प्रवाह मंदावतो आणि पाणी वळायच्या आधी थोडा वेळ थांबतं, त्या वेळात डोल उचलावी लागते. पाण्याने जोर धरला की भरलेलं जाळं वर घेणं फार कठीण. म्हणजे इंजिन तासभर उशिरा सुरू झालं तर तासभराचं नुकसान होत नाही, पुष्कळदा त्या खेपेचंच नुकसान होतं.

आणि बोंबील थांबत नाही. त्याच्या अंगात पाणीच जास्त, तो पटकन खराब होतो. बोट उशिरा आली की वलांडीवर घालायचा माल नरमतो आणि विकायला नेणाऱ्या बाईची गाडी चुकते. विरार ते मुंबई रेल्वे १८६७ पासून आहे, विजेवर चालणारी लोकल विरारपर्यंत १९३६ मध्ये आली. मुंबईचा बाजार घड्याळावर चालतो आणि डोल पाण्यावर चालते. या दोन वेळा जुळवणारी मधली कडी म्हणजे इंजिन. ते सुरू झालं नाही तर त्याचा फटका आधी टोपलीवाल्या बाईला बसतो, मग नाखव्याला.

मुळात सुरूच न होणारं यंत्र

आता जरा बाहेरच्या जगात जाऊ. कारण आपल्या बोटीतलं इंजिन जिथे जन्मलं, तिथेही त्याचा पहिला प्रश्न हाच होता.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपल्या इंजिनाचं पेटंट १८९२–९३ मध्ये घेतलं. कल्पना साधी होती. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल. मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचं, ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, वात नको. ऑगस्ट १८९३ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंजिन बाहेरच्या शक्तीने पट्ट्यावर फिरवलं आणि आत इंधन सोडलं. स्फोट झाला आणि दाब मोजायचं उपकरण उडालं! इंजिन काही स्वतःहून चाललं नाही. ते पहिल्यांदा आपल्या बळावर फिरलं फेब्रुवारी १८९४ मध्ये, तेही जेमतेम मिनिटभर. आणि उपयोगाचं म्हणता येईल असं इंजिन १८९७ मध्ये तयार झालं, ज्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे मोजली गेली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा फार मोठा होता.

म्हणजे कल्पना कागदावर आल्यापासून इंजिन नीट सुरू व्हायला चार-पाच वर्षं गेली. आपल्या नाखव्याचं इंजिन सकाळी अर्धा तास सुरू होत नाही, तेव्हा त्याने डिझेलसाहेबाला आठवावं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी वेगळी युक्ती काढली होती. त्यांच्या इंजिनाच्या डोक्यावर एक गोळा असे. तो बाहेरून दिव्याच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायचा, मग इंधन त्या गरम गोळ्यावर पडून पेटायचं. सुरू करायला दहा-पंधरा मिनिटं लागत. पण एकदा सुरू झालं की गोळा स्वतःच गरम राहायचा. हे इंजिन जड होतं, पण सोशिक होतं. इंधन कसलंही चालायचं. उत्तर युरोपातल्या मासेमारी बोटींवर ही गरम गोळ्याची इंजिनं अनेक वर्षं टिकली, ती याच गुणामुळे.

छोट्या बोटीसाठी खरा मार्ग मोकळा झाला तो १९२७ मध्ये. त्या वर्षी जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. त्याआधी डिझेल सिलिंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवा लागे, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणजे एक इंजिन चालवायला दुसरं यंत्र. या पंपाने ते ओझं गेलं. थेंबाथेंबाने, ठरलेल्या क्षणी, प्रचंड दाबाने डिझेल नोझलमधून आत जाऊ लागलं. पण लक्षात घ्या, सोय आली तशी नवी नाजूक जागाही आली. पंपात हवेचा एक बुडबुडा शिरला की सगळं बंद. हवा दाबली की आकसते, त्यामुळे पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. आपल्याकडे ज्याला 'हवा धरली' म्हणतात, ते हेच.

इंजिन मराठी मुलखात

महाराष्ट्रात ही गोष्ट फार लवकर रुजली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिन तयार झालं, आणि देशात बनलेलं ते पहिलं असं मानलं जातं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हेही इथे सांगून ठेवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होती, लोखंडी नांगरापासून सुरुवात केली होती. त्यांच्या पुढच्या पिढीने, शंतनुरावांच्या पुढाकाराने, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनचा कारखाना काढला. आणि इंधन पंप, नोझल, स्पार्क प्लग बनवणारी 'मायको' १९५१ मध्ये बंगळुरूला सुरू झाली. आजही जुना मेकॅनिक 'मायकोचं नोझल' म्हणतो, ते तिथून आलेलं.

ही इंजिनं मुख्यतः विहिरीवर पाणी उपसायला होती. बोटीत ती नंतर चढली. स्वातंत्र्यानंतर सरकारने मासेमारीच्या यांत्रिकीकरणासाठी कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प १९५२–५३ मध्ये आला, त्याची चर्चा फार झाली. पण मुंबई राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर, सातपाटीपासून वसई-वर्सोव्यापर्यंत, एक वेगळी सोय होती. इथल्या होड्या आधीच मोठ्या, मजबूत, खोल तळाच्या होत्या. नवी बोट बांधण्याची वाट न बघता आहे त्याच होडीत इंजिन बसवता आलं. सहकाराची सवयही जुनी होती. रत्नागिरीजवळ कर्ल्याला देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था १९१३ मध्येच निघाली होती. इंजिनाचं कर्ज, डिझेलचा पंप, बर्फ या गोष्टी पुढे गावोगावच्या सोसायट्यांमधूनच आल्या.

सुरुवातीला मात्र शीड काढलं नाही कुणी. इंजिन बसलं तरी डोलकाठी राहिली, शीड गुंडाळून बाजूला राहिलं. इंजिनावर विश्वास नव्हता म्हणून असं म्हणतात. मी म्हणेन, तो अविश्वास नव्हता, ते शहाणपण होतं. पुढे इंजिनं मोठी झाली, दोन आणि चार आणि सहा सिलिंडरची आली, ट्रकची इंजिनं बोटींत बसू लागली आणि शिडाची जागा केबिनने घेतली. ज्या दिवशी शीड उतरलं, त्या दिवशी 'सुरू न होणं' ही अडचण राहिली नाही, ते संकट झालं.

हँडलचा काळ

जुनी एक सिलिंडरची इंजिनं हाताने सुरू करत. तरुण मंडळींनी हँडल पाहिलं नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, असं आपण पाहिलं. पण हवा सोळाव्या-अठराव्या हिश्श्याएवढी दाबायला माणसाच्या हातात ताकद नसते. मग युक्ती अशी. वर एक छोटी कळ असते. ती उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दाब तयारच होत नाही. आता हँडल मारत राहायचं. जड फ्लायव्हील हळूहळू वेग घेतं. तो वेग पुरेसा झाला की कळ खाली सोडायची. फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती तो पहिला दाब पार करून देते, आणि इंजिन 'धक्' करतं. एकदा धक् झालं की पुढचं इंजिन स्वतः बघतं.

ही सगळी कसरत दोन माणसांची. एक हँडलवर, एक कळीवर. दोघांचं जुळलं नाही, तर इंजिन उलटं झटका मारतं आणि हँडल उलटं फिरतं. मनगटं मोडायची. म्हणून नियम होता: हँडल धरताना अंगठा पलीकडे घालायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. म्हणजे झटका बसला तर हँडल हातातून निसटेल, हात नेणार नाही. जगभर हाच नियम होता. अमेरिकेत मोटारगाड्यांच्या हँडलने इतके हात मोडले की चार्ल्स केटरिंग यांनी विजेवरचा स्टार्टर बनवला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो हाच.

सेल्फ बोटीवर आला तेव्हा मनगटं वाचली. पण हँडल गेलं तसा एक मार्गही गेला. हँडलला बॅटरी लागत नव्हती.

चार प्रश्न

आता किनाऱ्याने तोंडी तयार केलेल्या शास्त्राकडे येतो. अनुभवी इंजिनवाला काय करतो हे नीट पाहिलं, तर तो ठरावीक क्रमाने चार प्रश्न विचारतो. हे कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही, पण कुठल्याही पुस्तकाशी ते जुळतं.

पहिला प्रश्न: फिरतंय का? आणि पुरेशा वेगाने फिरतंय का? सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' झालं, तर बॅटरी नाहीतर टर्मिनल. बोटीवर दहापैकी पुष्कळ वेळा टर्मिनलच. खारी हवा तिथे पांढरी-हिरवी भुकटी चढवते आणि वीज अडते. गरम पाण्याने धुवायचं, घासायचं, घट्ट आवळायचं, वर ग्रीस लावायचं. इंजिन फिरतंय पण मंद फिरतंय, तर तेही न फिरल्यासारखंच. कारण हळू दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, तिची उष्णता थंड लोखंडाला जाते, आणि डिझेल पेटण्याएवढी ती तापतच नाही.

दुसरा प्रश्न: डिझेल पोचतंय का? इथे धूर बोलतो. इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल आत जातच नाही. टाकी, नळी, फिल्टर, आणि मग हवा. हवा काढायची म्हणजे फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हाताने पंप मारायचा, फेस येतो तोवर मारत राहायचं, स्वच्छ धार आली की स्क्रू बंद. मग पंपावर तेच, मग नोझलच्या नळीवर तेच. टाकीकडून इंजिनाकडे, या क्रमानेच. उलट्या क्रमाने केलं तर हवा परत मागून येते.

तिसरा प्रश्न: पेटतंय का? पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल जातंय पण जळत नाहीये. डिझेलमध्ये पाणी असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, रिंगा चिकटल्या असतील, नाहीतर पंपाची वेळ चुकली असेल. काळा धूर म्हणजे हवा कमी, हवेचा फिल्टर बघा. निळसर धूर म्हणजे वंगणाचं तेल जळतंय.

चौथा प्रश्न: पलीकडून कुणी धरून ठेवलंय का? म्हणजे पंख्यात दोर, जाळ्याचा तुकडा, आणि आता तर प्लास्टिक. शिडाच्या काळात समुद्रात टाकलेल्या कचऱ्याने होडी थांबत नव्हती. आज शहराची पिशवी खाडीतून येते आणि पंख्याला गुंडाळते. गिअर न्यूट्रलला आणून इंजिन सुरू होतंय का बघायचं. झालं, तर दोष इंजिनात नाही, खाली आहे.

या चार प्रश्नांच्या आधी आणखी एक अलिखित नियम आहे, तो म्हणजे नांगर टाका. इंजिन बंद पडलं की माणूस पहिलं झाकण उघडायला धावतो. तेवढ्यात बोट वाहत जाते, खुंटांवर, खडकावर किंवा दुसऱ्याच्या जाळ्यात. जुना तांडेल आधी नांगर टाकायला लावायचा, मग पाना हातात घ्यायचा. बोट जागेवर राहिली तर विचार करायला वेळ मिळतो.

नारळी पौर्णिमेचं इंजिन

वर्षभरात इंजिन सुरू न होण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. सध्या आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ही बंदी येते, आणि त्याआधी पावसाळा आणि रीतभातच ती पाळायला लावत होते. बोटी वर ओढतात, शाकारतात. इंजिन दोन महिने पावसात, खाऱ्या दमट हवेत मुकं पडून राहतं.

या दोन महिन्यांत काय होतं? अर्धी रिकामी टाकी 'घाम' सोडते. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन डिझेलखाली बसते. बॅटरी आपोआप उतरते. नोझलची सुई गंजाने अडकते, रिंगा सिलिंडरला चिकटतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धुराच्या पाइपातून पावसाचं किंवा समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला थेट सेल्फ मारला तर पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हंगामाच्या पहिल्याच दिवशी मोठा खर्च.

म्हणून जाणते लोक समुद्राला नारळ वाहण्याच्या कितीतरी आधी इंजिनाकडे जातात. नोझल काढून इंजिन हाताने, पान्याने दोन-चार वेळा पूर्ण फिरवतात. पाणी असेल तर भोकातून बाहेर पडतं. टाकीच्या तळाचं पाणी काढतात, तेल बदलतात, मग सेल्फला हात लावतात. टाकी बंदीच्या आधीच गच्च भरून ठेवली तर घाम सुटायला जागा राहत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. नारळी पौर्णिमेचा सण आपण फोटोत पाहतो. त्याच्या आधीचा हा काळ्या हातांचा आठवडा फोटोत येत नाही, पण पहिल्या दिवशी सगळ्या बोटी एकत्र निघतात त्या त्याच्याच जोरावर.

वाडीतली मोटर

हे झालं समुद्राचं. पण अर्नाळा-आगाशीचा पट्टा बागायतीचाही आहे. केळी, भाजीपाला, फुलं, पानवेली. त्या वाड्यांना पाणी विहिरीवरच्या रहाटाने आणि बावखलांमधून मिळायचं. रहाट गेला, ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. आणि तिथेही प्रश्न तोच.

मोटर सुरू होत नाही तेव्हा ती बहुधा गप्प नसते, ती गुणगुणते. याचं कारण मजेदार आहे. फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करून चालणारी मोटर फेरारिस आणि टेस्ला यांनी १८८८ मध्ये जगापुढे मांडली, त्याला एकाहून अधिक फेज लागतात. घरगुती एका फेजवर क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे होतं. चालू असलेली मोटर त्यावर चालत राहते, पण थांबलेली मोटर निघत नाही. कुठल्या बाजूला फिरायचं हेच तिला कळत नाही! म्हणून तिला एक जादा वेटोळं आणि कंडेन्सर देतात, पहिला धक्का द्यायला. कंडेन्सर गेला की ती नुसती गुणगुणते. अशा वेळी ती चालू ठेवली तर काही मिनिटांत वेटोळं जळतं. गुणगुण ऐकू आली की आधी स्विच बंद, हा इथला 'नांगर टाका'.

तीन फेजच्या मोटरीचं एक फेज गेलं तर तिचीही हीच गत होते. आणि दाब कमी असला, म्हणजे व्होल्टेज कमी असलं, तर मोटरीचा जोर नुसता त्या प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर सुरू होण्याचा जोर ६१ टक्क्यांच्या आसपास उरतो. भारनियमनाच्या वर्षांत वीज आली की सगळ्या वाड्यांच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या, दाब पडायचा आणि रिवाइंडिंगवाल्यांच्या दुकानात रांग लागायची. इथे बघा, समुद्रावर एकट्याचं असलेलं संकट वाडीत पुन्हा सगळ्यांचं झालं. एकाच तारेवर सगळे, एकाच जमिनीतलं पाणी सगळ्यांचं. आणि सगळ्यांच्या मोटरी एकदमच नीट सुरू झाल्या तेव्हा काय झालं, तेही वसईकरांनी पाहिलं आहे. गोड्या पाण्याचा उपसा वाढला, खारं पाणी आत सरकलं. यंत्र सुरू होणं हे नेहमीच विजयाचं लक्षण नसतं.

आज कुठे आहोत

अर्नाळा हे नाव नौदलातही आहे. पहिली आयएनएस अर्नाळा १९७२ ते १९९९ सेवेत होती. दुसरी १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. पाणबुडीविरोधी, उथळ पाण्यात चालणारं, ७७ मीटर लांबीचं जहाज. डिझेल इंजिन आणि पाण्याचा झोत यांवर चालणारी ही नौदलाच्या सगळ्यात मोठ्या युद्धनौकांपैकी एक. म्हणजे आपल्या किल्ल्याचं नाव आज डिझेल इंजिनावरच समुद्रात फिरतंय. त्या जहाजावर इंजिन सुरू झालं नाही तर काय करायचं, याची पानंच्या पानं लिहिलेली असतात, माणसं नेमलेली असतात. आणि त्याच नावाच्या बेटावर राहणारी माणसं रोज बोटीने ये-जा करतात. शाळेची मुलं, बाळंतीण, आजारी म्हातारं माणूस. त्यांच्या बोटीसाठी काय लिहिलेलं आहे?

जे आहे ते डोक्यात आहे. तेही आता विरळ होतंय. नवी इंजिनं येताहेत, त्यांत इलेक्ट्रॉनिक भाग वाढताहेत. डिझेल कमी जाळतात, धूर कमी सोडतात, हे चांगलंच आहे. पण तिथे चार प्रश्नांच्या जोडीला पाचवा येतो, जो पान्याने सुटत नाही, त्याला कंपनीचा माणूस आणि त्याचं यंत्र लागतं. म्हणजे संकट पुन्हा एकदा एकट्याचं होण्याकडे चाललं आहे.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने दोन सूचना करतो. एक, प्रत्येक सोसायटीत एक साधी वही असावी. कुठल्या बोटीचं इंजिन कुठे बंद पडलं, दोष काय निघाला, कोणी ओढून आणलं, किती वेळ लागला. पाच वर्षांत तुमच्याकडे असा दस्तऐवज होईल जो कुठल्याही कारखान्याकडे नाही. विमा मागताना, अनुदान मागताना, बंदराची मागणी करताना तो बोलेल. दुसरी सूचना घरातल्या तरुणांना. आजोबांना विचारा, आपल्या होडीत पहिलं इंजिन कुठल्या साली बसलं, कुठल्या बनावटीचं होतं, कर्ज कुठून घेतलं, आणि शीड कधी उतरवलं. एवढं जरी लिहून ठेवलंत तरी चालेल. सत्तर वर्षांपूर्वी हँडल मारणारी माणसं आज मोजकी उरली आहेत, आणि ती अजून बोलतात.

इथे थांबतो. प्रश्नांसाठी वेळ आहे, आणि समोर बसलेल्या काही तांडेल मंडळींनी या चार प्रश्नांत भर घालावी अशी माझी विनंती आहे.